कोठडीतील मृत्यू आणि अर्ध्या तासाचा संप



इतिहासावर बोलावयास या व्यासपीठावर सहसा विद्वान मंडळी येतात. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले, आणि पुस्तके वाचली ती पाळी सुटल्यावर. तेव्हा राजेरजवाड्यांच्या इतिहासावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु काम बंद करणे म्हणजे काय, ते कशाने जमते आणि कशाने फसते, एवढे आम्हांला अनुभवाने ठाऊक झाले आहे. तेवढ्याच शिदोरीवर आज दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासातील एक प्रकरण आपणापुढे मांडावयाचे आहे.

प्रश्न असा आहे. पोलिसांच्या कोठडीत माणूस मरतो, बातमी बाहेर येते आणि लोक खवळतात. हे सर्व देशांत घडत आले आहे. पण त्या खवळण्यातून पुढे निष्पन्न काय होते? काही ठिकाणी चार दिवस दगडफेक होते, गोळीबार होतो, आणखी माणसे आत जातात आणि मूळ मृत्यू विसरला जातो. काही ठिकाणी मात्र तो मृत्यू सरकारच्या गळ्यात चाळीस वर्षे अडकून राहतो. हा फरक कशाने पडतो?

प्रथम कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण कोठडीतील मृत्यूची सुरुवात कायद्याच्या पुस्तकात होते. १९६३ साली दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने असा कायदा केला की, पोलिसांनी कोणालाही आरोप न ठेवता, वकिलाला भेटू न देता नव्वद दिवस डांबून ठेवावे. त्याच वर्षी सप्टेंबरात लुकस्मार्ट न्गुडले हा कार्यकर्ता या कायद्याखाली कोठडीत असताना मेला. १९६५ साली नव्वदाचे एकशेऐंशी दिवस झाले. १९६७ च्या दहशतवादविरोधी कायद्याने तर दिवसांची मोजणीच काढून टाकली. चौकशी संपली असे पोलिसांना वाटेपर्यंत माणूस आत! न्यायालयाने विचारावयाचे नाही आणि घरच्यांनी भेटावयाचे नाही.

ज्या खोलीत तिसरा माणूस जाऊ शकत नाही, तिथे काय घडले हे सांगणारे फक्त पोलीसच उरतात. त्यांनी सांगितलेली कारणे आज वाचली म्हणजे अंगावर काटा येतो. कोणी म्हणे साबणावरून घसरला, कोणी म्हणे गळफास घेतला. केपटाउनचे इमाम अब्दुल्ला हारून १९६९ साली जिन्यावरून पडले म्हणून मेले, असे सांगण्यात आले. अहमद तिमोल हा शिक्षक १९७१ च्या ऑक्टोबरात जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर चौकातील पोलीस इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडला. त्याच्या वडिलांचे मूळ गाव आपल्या शेजारच्या गुजरातेतले. त्याने आपणहून उडी मारली असा निवाडा मॅजिस्ट्रेटने १९७२ साली दिला. आत्महत्या म्हटले की दोषी मेलेलाच ठरतो आणि फाईल बंद होते.

आता १९७७ सालाकडे येऊ. स्टीव्ह बिको हा तीस वर्षांचा तरुण काळ्या लोकांत स्वाभिमान जागवणाऱ्या चळवळीचा पुढारी होता. १८ ऑगस्टला त्याला रस्त्यात अडवून पकडले. पोर्ट एलिझाबेथ येथे चौकशीच्या खोलीत त्याच्या मेंदूला जबर इजा झाली. त्या अवस्थेत, अंगावर कपडा नसताना, त्याला मोटारीत टाकून हजारांहून अधिक किलोमीटर दूर प्रिटोरियास नेले, आणि १२ सप्टेंबरला तो तिथे मरण पावला. पोलीसखात्याचे मंत्री जिमी क्रूगर यांनी उपोषणाचा हवाला दिला आणि या मृत्यूचे आपल्याला काही वाटत नाही अशा अर्थाचे उद्गार पक्षाच्या सभेत काढले.

लोकांचा संताप उफाळला. सोवेटोच्या शाळकरी मुलांवर गोळीबार होऊन तेव्हा सव्वा वर्ष झाले होते, जखम ओली होती. बिकोच्या अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले, आणि कित्येकांना पोलिसांनी वाटेतच अडवून परत पाठवले. शाळा ओस पडल्या, ठिकठिकाणी जाळपोळ झाली. सरकारने वाट पाहिली आणि १९ ऑक्टोबरला एका दिवसात डझनाहून अधिक संघटनांवर बंदी घातली, काळ्या वाचकांचे 'द वर्ल्ड' हे वृत्तपत्र बंद केले आणि त्याच्या संपादकाला तुरुंगात घातले. डिसेंबरात मॅजिस्ट्रेटने निकाल दिला की, या मृत्यूबद्दल कोणालाही जबाबदार धरता येत नाही.

हा संताप वाया गेला असे आमचे म्हणणे नाही. त्याच नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने दक्षिण आफ्रिकेस शस्त्रे विकण्यास सक्तीची बंदी घातली, त्यामागे बिकोचा मृत्यूही होता. परंतु देशाच्या आत काय उरले? सभा भरवणाऱ्या संस्था गेल्या, बातमी छापणारे पत्र गेले. संताप होता, पण तो साठवून ठेवणारे भांडे सरकारने फोडले.

ते भांडे दुसऱ्याच ठिकाणी तयार होत होते, आणि ते ठिकाण म्हणजे कारखाना. १९७३ साली डर्बन शहरात संपांची मोठी लाट आली, तेव्हापासून काळ्या कामगारांच्या युनियना पुन्हा मूळ धरू लागल्या. खाद्यपदार्थ आणि डबाबंद फळांच्या कारखान्यांतली एक युनियन तर १९४१ पासूनची होती. १९७९ साली केपटाउनजवळच्या एका शेवया-मॅकरोनीच्या कारखान्याने ८८ कामगारांना काढून टाकले. या युनियनने सुमारे सात महिने लढा चालवला. घराघरांतील गृहिणींनी, दुकानदारांनी, विद्यार्थ्यांनी त्या कारखान्याच्या मालावर बहिष्कार घातला आणि अखेर कामगार कामावर परतले. फाटकाच्या आतले आणि बाहेरचे लोक एकत्र आले तर काय होते, याचा तो पहिला धडा होता.

याच युनियनचे जोहान्सबर्ग भागातले काम नील ॲगेट नावाचा एक गोरा डॉक्टर पाहत असे. जन्म केनियातला, शिक्षण केपटाउनचे. पोटापुरते इस्पितळात काम करावयाचे आणि उरलेला वेळ पगार न घेता युनियनला द्यावयाचा, असा त्याचा क्रम होता. युनियनचे काम म्हणजे भाषणे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते काम वर्गणीच्या पावत्या, तक्रारींचे अर्ज, खात्याखात्यांतून निवडलेले प्रतिनिधी आणि रात्रीच्या बैठका यांचे असते. असले निरस काम जो नेमाने करतो, त्याचीच सरकारला अधिक भीती वाटते.

२७ नोव्हेंबर १९८१ रोजी ॲगेटला पकडण्यात आले. जानेवारीच्या अखेरीस त्याला झोपू न देता कित्येक तास सलग चौकशीत ठेवले. ४ फेब्रुवारीला त्याने एका पोलीस सार्जंटपुढे जबानी दिली की, आपल्याला मारहाण झाली आणि विजेचे झटके देण्यात आले. त्यानंतर एक दिवसही गेला नाही. ५ फेब्रुवारी १९८२ च्या पहाटे तो जॉन व्होर्स्टर चौकातील त्याच इमारतीतल्या कोठडीत लटकलेला आढळला. सत्तर दिवस तो आत होता. वय अठ्ठावीस.

आता सांगावयाची ती मुख्य गोष्ट. युनियनांनी ठरवले की, ११ फेब्रुवारीला देशभरच्या कारखान्यांत अर्धा तास काम थांबवावयाचे. फक्त अर्धा तास! सुमारे नव्वद हजार कामगारांनी ते केले असा अंदाज आहे. मोर्चा नाही, दगड नाही, घोषणांचा गोंगाटही फारसा नाही. यंत्रे थांबली, माणसे उभी राहिली, अर्ध्या तासाने पुन्हा कामाला लागली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय मोठेसे? आम्ही सांगतो, एक दिवसाच्या संपापेक्षा अर्ध्या तासाचा संप घडवणे अवघड असते. दिवसाच्या संपात माणूस घरी बसतो. तो संपावर होता, आजारी होता की नुसता भ्यालेला होता, हे कोणास कळत नाही. अर्ध्या तासाच्या संपात त्याला आपल्याच यंत्रापाशी, मुकादमाच्या डोळ्यादेखत हात आखडून उभे राहावे लागते. त्यासाठी प्रत्येक खात्यात ज्याचा शब्द चालतो असा एक माणूस लागतो. ठरल्या मिनिटाला थांबावयाचे आणि, जे त्याहून कठीण, ठरल्या मिनिटाला पुन्हा सुरू करावयाचे. नोकरीवरून काढण्याचे निमित्त मालकाला मिळता कामा नये, कारण तिथल्या कायद्यात असा संप बसतच नव्हता. हे सारे सहा दिवसांत जमले, कारण पावत्या फाडण्याचे निरस काम आधी कित्येक वर्षे झाले होते. तिसरा माणूस कोठडीत जाऊ शकत नव्हता, पण नव्वद हजार माणसे बाहेर शिस्तीने उभी आहेत हे कोठडीच्या मालकांना दिसले.

१३ फेब्रुवारीला जोहान्सबर्गच्या मोठ्या चर्चमधून अंत्ययात्रा निघाली. हजारो लोक, बहुतेक काळे कामगार, एका गोऱ्या माणसाला खांदा देण्यासाठी गोऱ्यांच्याच राखीव दफनभूमीत शिरले.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. सुमारे पन्नास माणसे त्याआधी कोठडीत मेली होती, ती बहुतेक सारी काळी. त्यांच्यासाठी यंत्रे थांबली नाहीत ती एका गोऱ्यासाठी का थांबावी? वृत्तपत्रांच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे. गोरा माणूस मेला म्हणून गोऱ्या वस्तीत खळबळ झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्नेस्ट डिपाले हा एकवीस वर्षांचा काळा तरुण त्याच इमारतीत मेला, तेव्हा तेवढी झाली नाही. पण कामगार थांबले ते कातडीकडे पाहून नव्हे. मेलेला आपल्या युनियनचा होता, एवढेच त्यांनी पाहिले. याचा पुरावा पुढे मिळाला. मे १९८५ मध्ये आंद्रिस राडित्सेला हा रसायन कामगारांचा काळा पुढारी पोलिसांनी पकडल्यावर दोनच दिवसांत मेला, आणि त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी हजारो कामगारांनी पुन्हा काम थांबवले. त्याच वर्षी १ डिसेंबरला डर्बनमध्ये अनेक युनियना एक होऊन 'कोसाटू' हा महासंघ उभा राहिला.

आपल्याकडे ते दिवस आठवून पाहा. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते, आणि त्या संपाची रीतसर अखेर कधी झालीच नाही. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो, पण पुढे त्याच संपातल्या माणसांच्या हाताखाली काम शिकलो. दोन्ही संपांच्या मागण्या वेगळ्या, परिस्थिती वेगळी. तुलना करून कोणाला लहानमोठे ठरवावयाचे नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की, संपाची लांबी हे त्याच्या ताकदीचे माप नव्हे.

अर्ध्या तासाने न्याय मिळाला काय? लगेच नाही. १९८२ च्या अखेरीस मॅजिस्ट्रेटने ॲगेटनेही आत्महत्याच केली आणि कोणी दोषी नाही, असे ठरवले. परंतु या चौकशीत जॉर्ज बिझोस यांच्यासारखे वकील ॲगेटच्या घरच्यांच्या बाजूने उभे राहिले होते. त्यांनी इतर कैद्यांकडून कोठडीतल्या छळाच्या जबान्या गोळा केल्या आणि न्यायालयाच्या दप्तरात घालून ठेवल्या. खटला हरला, पण कागद राहिला.

गोरी राजवट १९९४ साली गेली, तरी नवे सरकारही या फायली उघडण्यास फारसे उत्सुक नव्हते. घरच्या माणसांनी पिच्छा सोडला नाही. तिमोलच्या भाच्याने वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा २०१७ साली न्यायमूर्ती मोथ्ले यांनी निवाडा फिरवला : तिमोलने उडी मारली नव्हती, त्याचा खून झाला होता. ॲगेटची चौकशी जानेवारी २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि ४ मार्च २०२२ रोजी न्यायमूर्ती माकुमे यांनी सांगितले की, त्याला सुरक्षा पोलिसांनीच मारले. इमाम हारून यांच्याबाबत तसाच निवाडा २०२३ साली झाला. बिकोची चौकशी त्याच्या मृत्यूनंतर ४८ वर्षांनी, १२ सप्टेंबर २०२५ रोजी पुन्हा उघडण्यात आली.

पण उशिराची किंमत मोजावी लागली. ॲगेटची चौकशी करणारा मुख्य अधिकारी नवी सुनावणी सुरू होण्यापूर्वी, २०१९ साली मरून गेला. सत्य मिळाले, पण शिक्षा द्यावयास माणूस उरला नाही. म्हणून जे लोक म्हणतात, 'इतिहास न्याय करील', त्यांना आमचे सांगणे आहे की इतिहास आपण होऊन काहीच करीत नाही. कोणीतरी अर्ज करतो, कोणीतरी जबानी जपून ठेवतो, कोणीतरी ठरल्या मिनिटाला यंत्र थांबवतो, तेव्हा कुठे त्याची गाडी हलते.

आपल्या देशातही कोठडीत माणसे मरतात, महाराष्ट्रातही मरतात. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. परंतु आपल्या हाती जे आहे ते तरी प्रत्येक नागरिकाला पाठ असावे. डी. के. बसू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिलेले नियम आहेत. अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने तिथल्या तिथे झाला पाहिजे, नातेवाइकांना कळवले पाहिजे, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांनी तपासले पाहिजे. कोठडीत मृत्यू झाला तर त्याची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करावी, असे आपला कायदा सांगतो. मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवावयाचे असते. ज्या दक्षिण आफ्रिकेची हकीकत सांगितली, तिथे ॲगेटच्या काळी यांतले बहुतेक काही नव्हते. आपल्याकडे ते आहे, पण मागणाऱ्यालाच ते मिळते.

तेव्हा आपल्या गावात असा प्रसंग आला तर रस्त्यावर यावयाचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही युनियनची माणसे, आम्ही येऊच. पण निघण्यापूर्वी कोणी दोघांनी पोलीस ठाण्यात जाऊन अटकेच्या कागदाची नक्कल मागावी, कोणी दोघांनी डॉक्टरांचा दाखला मागावा, आणि तारीख-वेळ घालून ते सारे एका वहीत लिहून ठेवावे. ती वही घरी नीट जपावी. पुढे चाळीस वर्षांनी एखादा न्यायाधीश ती मागेल.