तळटीप : ‘दाब पडला’

१. ‘दाब पडला’ : १९९८च्या मध्यापासून २००२पर्यंतच्या डॉज रॅम पिकअपमधील कमिन्सच्या ५.९ लिटर, २४ झडपांच्या डिझेल इंजिनात टाकीतले इंधन पुढे पोचविणारा विजेवरचा फीड पंप निराळा, आणि तेच उच्च दाबाने नोझलांकडे धाडणारा बॉशचा व्हीपी४४ पंप निराळा. या दुसऱ्याचे वंगण व शीतलीकरण वाहत्या डिझेलवरच अवलंबून असल्याने, पहिला मंदावला तरी गाडी काही काळ बिनतक्रार चालते, नुकसान मात्र महागड्या दुसऱ्याचे होते. म्हणून जाणता मिस्त्री फिल्टरच्या अलीकडे व पलीकडे गेज लावून, इंजिन रिकामे चालताना आणि विशेषतः चढावर भार ओढताना, काटा न्याहाळतो : अलीकडे दाब शाबूत नि पलीकडे उतरलेला, तर दोष फिल्टरचा, दोन्हीकडे उतरलेला, तर फीड पंप अथवा टाकीपासूनची नळी तपासणे क्रमप्राप्त. — संपा.