चुलीपर्यंत आलेली तपासणी

पुण्यातील प्लेगचा इतिहास बहुधा २२ जून १८९७ च्या रात्रीपासून मागे वाचला जातो. गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे सर्वश्रुत आहे. त्या गोळ्यांच्या आवाजात आधीच्या महिन्यांतील एक साधी गोष्ट ऐकू येईनाशी झाली. सरकार ज्या घरांत शिरले, त्या घरांत त्या वेळी रोजची कामे चालू होती.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथरोगांचा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही, असे चौथे कलम सांगत होते. १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या पेठांतून हिंडू लागल्या. संशयित रोग्याची रवानगी इस्पितळात होई, त्याच्या सहवासातील माणसांची शहराबाहेरच्या छावणीत. मागे राहिलेल्या घराच्या जमिनी उकरल्या जात, भिंतींना चुना फासला जाई, अंथरुणे-पांघरुणे जाळली जात.

फाल्गुन-चैत्राचे हे दिवस गृहिणीच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत धावपळीचे. वाळवणे घालायची, वर्षाच्या धान्याची बेगमी करायची. त्यात १८९६-९७ चा दुष्काळ असल्याने मडक्यातल्या मूठभर दाण्यालाही मोल आलेले. सोवळ्याने भरलेले पाणी बुटाच्या एका पावलाने निरुपयोगी ठरे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. उकरलेली जमीन चोपून, सारवून पूर्ववत करण्याचे काम कोणत्याही सरकारी पत्रकात नव्हते; ते बायकांच्या वाट्याला आले. सोवळ्याचा संताप हा मुख्यतः ब्राह्मण वाड्यांचा होता, आणि त्यात शिवाशिवीचा अभिमानही मिसळलेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. कष्टकऱ्यांच्या खोपटांत मोडण्याजोगे सोवळे नव्हते. तेथे जळाली ती घरातली एकुलती एक गोधडी.

साथ खोटी नव्हती. तपासणी सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला होता. टिळकांनीही शहर न सोडता हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. उपाय हवेत याविषयी वाद नव्हता; रोष उपायांच्या रीतीवर होता. स्त्रियांचा हेतुपुरस्सर अवमान झाल्याची एकही विश्वसनीय तक्रार नाही, असा निर्वाळा रँडने आपल्या अहवालात दिला. हेतुपुरस्सर हा शब्द येथे फार मोठे काम करतो. विझलेली चूल, रस्त्यावर मांडलेला संसार, दिवसभराचे फुकट गेलेले कष्ट यांत कोणाचाही हेतू नव्हता. म्हणूनच त्यांची नोंद करायला अहवालात रकाना नव्हता.

या साऱ्यातील दैवदुर्विलास असा की, रोगाची पहिली वर्दी घराला केर काढतानाच मिळत असे. आधी उंदीर पडतात, मग माणसे, हे लोकांच्या पाहण्यात होते. मेलेले उंदीर डॉक्टरांच्याही नजरेतून सुटले नव्हते. परंतु सरकारी बळ खर्च झाले ते लपविलेला रोगी आणि घाण यांच्या शोधात. उंदरावरील पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगाने दाखविले ते जून १८९८ मध्ये. पुण्यातील तपासणी १९ मे १८९७ लाच संपली होती.

सक्तीला विरोध केवळ पुण्यात झाला नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईत आणि १९०० मध्ये कानपुरात दंगे झाले. हळूहळू सरकारनेच हात आखडता घेतला. कायदा मात्र टिकला, आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत त्याचाच आधार घेण्यात आला. दख्खनमधील कित्येक गावे पुढील वर्षांत उंदीर पडू लागताच, शिपायाची वाट न पाहता, भांडीकुंडी उचलून रानातल्या झोपड्यांत राहायला जाऊ लागली. तेथे तीन दगडांवर नवी चूल मांडली जाई आणि साथ ओसरेपर्यंत संसार तेथेच चाले.