अपुरी पोथी, पुरी झालेली श्रद्धा

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा इतिहासाला नवा नाही. वाकाटकांचे वत्सगुल्म ते हेच. बंजारा बांधवांची पोहरादेवी याच जिल्ह्यात आहे आणि श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंजाची ख्याती आहे. या श्रद्धा पिढ्यान् पिढ्या टिकल्या, त्या आईवडिलांच्या मुखातून मुलांच्या कानी पडत आल्या म्हणून.

आम्हा कॅथलिकांची घरे मात्र येथे विरळ. 1955 साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांताचा हा भाग. आमचे मूल वर्गात बहुधा एकटेच ख्रिस्ती असते. त्याच्या मनात श्रद्धा कोणी रुजवायची? रविवारच्या तासाभराच्या धर्मशिक्षणावर हा भार टाकून आपण मोकळे होऊ शकतो काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस एका मराठी घराची आठवण होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट परंपरेतले. पण त्यांच्या घराची कहाणी साऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांची आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. गिरिप्रवचनाने देवाचा शोध घेणारा हा कवी भारावून गेला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच दिवशी त्यांचे घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या.

पतीने स्वीकारला म्हणून लक्ष्मीबाईंनी हा धर्म स्वीकारला नाही. सोवळेओवळे आणि जातिभेद देवाने निर्माण केले की माणसांनी, याचा त्यांनी स्वतःशी निवाडा केला आणि मगच 1900 साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हा प्रवास त्यांनी कसलाही आव न आणता सांगितला आहे.

पुढची गोष्ट आईबापांनी विशेष ध्यानी घ्यावी. टिळकांनी प्रभू येशूचे चरित्र ‘ख्रिस्तायन’ या नावाने ओवीबद्ध करावयास घेतले. 1919 साली ते निवर्तले तेव्हा आरंभीचेच अध्याय झाले होते. ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर झाली, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय रचले. 1936 साली त्याही गेल्या. शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला आणि 1938 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1616 साली फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’साठी निवडलेला छंदही ओवीचाच. जात्यावर बसून आमच्या आयाबहिणींनी जिच्यात सुखदुःख गायिले, तीच ही ओवी.

वडिलांनी आरंभ केला, आईने ओझे वाहिले, मुलाने शेवट केला. एके काळी ज्या श्रद्धेने हे घर मोडले, तिनेच ते पुन्हा बांधले. देवदत्तांनी आईला वर्षानुवर्षे त्या पोथीत रमलेली पाहिले होते. मूल ऐकते त्याहून अधिक पाहत असते.

1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडिलांना मुलांचे पहिले सुवार्तिक मानले. ज्या गावी धर्मगुरू रोज पोहोचू शकत नाहीत, तेथे या वचनाचे मोल अधिक. आपली श्रद्धा आपण पुन्हा एकदा तपासून, समजून आपलीशी केली, तरच मुलांना देण्यासारखे काही आपल्यापाशी असेल. दिवेलागणीला जपमाळ हाती घ्यावी, पवित्र शास्त्रातील एक उतारा वाचावा, मुलाने शंका विचारली तर रागावू नये. लक्ष्मीबाईंनीही शंका विचारल्या होत्या. त्यांतूनच त्यांचा विश्वास बळकट झाला.