लोहाराची भट्टी आणि विजेची ठिणगी

ठिणगी ही मनुष्याची फार जुनी सोबतीण. गारगोटीवर पोलाद घासून ती काढण्याची विद्या आपल्या पणजोबांच्या कनवटीला चकमकीच्या रूपाने बांधलेली असे. विजेची ठिणगी मात्र पुष्कळ उशिरा मनुष्याच्या हाती आली. आजही एखादा हौशी विद्यार्थी भंगारातून मोटारीची जुनी इग्निशन कॉइल आणतो, बारा व्होल्टच्या बॅटरीवर ती चालवून दोन तारांच्या टोकांमध्ये निळसर ठिणगी पाडतो, आणि घरची वडील माणसे त्या खटाटोपास ‘नसता उद्योग’ असे नाव देतात. या नसत्या उद्योगाची कुळकथा आम्हाला येथे सांगावयाची आहे; कारण तिच्यात विज्ञानाइतकाच समाजाचाही एक धडा दडलेला आहे.

अठराव्या शतकात युरोपात काचेचे गोल हातांनी घासून वीज उत्पन्न करीत. 1746 च्या सुमारास हॉलंडमधील लायडन येथे ती बाटलीत साठवून ठेवण्याची युक्तीही सापडली. परंतु हवा दमट झाली की घासण्याचे यंत्र रुसे, आणि बाटली एकदा रिकामी झाली की पुन्हा भरावी लागे. ठिणग्यांची अखंड धार काढावयाची तर निराळाच मार्ग हवा होता. तो मार्ग 1831 साली मायकेल फॅरेडे यांनी दाखविला. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू होताना वा बंद होताना शेजारच्या वेटोळ्यात क्षणभर वीज उमटते, हा त्यांचा शोध. नळातून जोराने वाहणारे पाणी तोटी एकाएकी बंद करताच नळीला धाडदिशी हादरा देते. तसेच काहीसे विजेचे आहे. जाड तारेच्या थोड्या वेढ्यांतील प्रवाह झटक्यासरशी तोडला की बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत विजेचा दाब शेकडो पटींनी उसळतो. कोरड्या हवेत सपाट पृष्ठांमधील एक सेंटिमीटर अंतर ओलांडावयास सुमारे 30,000 व्होल्ट लागतात; एवढा दाब साध्या विद्युत्घटांतून मिळविण्याचा हा मार्ग होता.

तत्त्व कळले, तरी यंत्र कोणी करावयाचे? येथे आपली गाठ पडते ती आयर्लंडमधील एका पाद्र्याशी. फादर निकोलस कॅलन हे मेनूथ येथील धर्मविद्यालयात 1826 पासून पदार्थविज्ञान शिकवीत. त्या विद्यालयात भावी धर्मोपदेशक घडत. तेथे विज्ञानाला घरातल्या गरीब नातलगाइतकाच मान. पण कॅलन यांनी प्रयोगशाळा हीच आपली तपोभूमी मानली. गावच्या ब्रायडी नावाच्या लोहाराकडून त्यांनी घोड्याच्या नालेच्या आकाराचा लोखंडी दांडा घडवून घेतला व त्याचा प्रचंड विद्युत्चुंबक केला. रोधक वेष्टनाची तार महाग, म्हणून उघडी लोखंडी तार ते मेण आणि राळ यांच्या वितळलेल्या मिश्रणातून ओढून घेत. प्रवाह क्षणोक्षणी तोडण्यासाठी त्यांनी घड्याळाच्या यंत्रावर बेतलेली एक करामत योजिली. 1836 साली त्यांचे प्रवर्तन-वेटोळे सिद्ध झाले. पुढे त्यांच्या मोठ्या वेटोळ्याने 15 इंच लांबीच्या ठिणग्या दिल्या.

दाब मोजण्याची साधने त्या काळी नव्हती. तेव्हा कॅलन विद्यार्थ्यांनाच हातात हात धरून उभे करीत आणि त्यांना बसणाऱ्या धक्क्यावरून यंत्राचे बळ जोखीत! त्यांपैकी विल्यम वॉल्श हा विद्यार्थी एकदा बेशुद्ध पडला असे सांगतात. तोच पुढे डब्लिनचा आर्चबिशप झाला. श्रोत्यांना हे वाचून हसू येईल. पण आजच्या हौशी मंडळींनी त्यातून घ्यावयाचा बोध हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पुढची हकीकत मात्र चटका लावणारी आहे. पॅरिसमध्ये हाइनरिख रुमकॉर्फ नावाचा एक कुशल जर्मन उपकरणकार होता. 1851 साली त्याने असेच वेटोळे बाजारात आणले. पुढे इतरांच्या सुधारणाही त्यात घेतल्या. ते यंत्र ‘रुमकॉर्फचे वेटोळे’ म्हणून जगभर गेले. 1864 साली फ्रान्सच्या सम्राटाने त्याला 50,000 फ्रँकांचे पारितोषिक दिले. त्याच वर्षाच्या आरंभी कॅलन मेनूथ येथे निवर्तले होते, आणि त्यांचे नाव जवळजवळ विसरले गेले होते. विसाव्या शतकातील अभ्यासकांनी ते पुन्हा उजेडात आणले. रुमकॉर्फचे कौशल्य खरे होते. त्याला चोर म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या संस्थेला आपल्याच प्रयोगशाळेतील धनाची किंमत कळत नाही, तिच्या माणसाची कीर्ती दुसऱ्याच्या दारी जाते, हेही तितकेच खरे.

या वेटोळ्याने पुढे केवढी कामे केली! 1887 च्या सुमारास कार्ल्सरूह येथे हाइनरिख हर्ट्झ यांनी त्याच्याच ठिणगीतून विद्युत्चुंबकीय लहरी निर्माण केल्या. 1895 साली राँटगेन यांना क्ष-किरण दिसले ते अशाच वेटोळ्यावर चालणाऱ्या नळीपाशी. आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी ठिणगीतून निघालेल्या लहरी भिंतीपार पाठवून दूरची घंटा वाजविली व बंदुकीची दारू उडविली. त्यांच्या लहरी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. त्यांसाठीची उपकरणे विलायतेहून आली नाहीत. पत्र्याचे काम करणाऱ्या एका देशी कारागिराच्या मदतीने ती येथेच घडली. लहरींचे ध्रुवीकरण तपासण्यासाठी बोस यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात पानापानांतून कथलाचे पातळ वर्ख घातले, आणि तागाच्या पिळलेल्या जुड्याही वापरल्या.

आयर्लंडचा लोहार आणि कलकत्त्याचा पत्रेकाम करणारा, यांना आम्ही मुद्दामच एकत्र उभे केले आहे. आपल्या समाजात बुद्धी वाड्यात राहिली आणि हात गावकुसालगतच्या भट्टीपाशी राहिले. पंडिताने ऐरण पाहिली नाही, आणि लोहाराला पोथी उघडू दिली नाही. दोघांची शतकानुशतके गाठ न पडल्यामुळे आपले केवढे नुकसान झाले, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. जेथे ही भेट झाली तेथे ठिणगी उडाली, असे या इतिहासाकडे पाहून म्हणावेसे वाटते. हजारो वेढे एकावर एक, न तुटता, थराथरांत रोधक घालून गुंडाळताना जो संयम अंगी बाणतो तो पाठांतराने बाणत नाही. आणि एक थर जरी निष्काळजीपणाने बसला तरी ठिणगी बाहेर न पडता आतच फुटून यंत्र जळते. द्रव्याला मनुष्याची भीड नसते.

म्हणून हौशी मुलाच्या उद्योगाला नसता म्हणू नये. पण त्याला एकटाही सोडू नये. कंगव्याने केस विंचरताना उडणारी ठिणगीही काही हजार व्होल्टांची असते, ती मारीत नाही, कारण तिच्यातील विजेचा साठा क्षुल्लक असतो. मारतो तो साठा. वेटोळ्यास मोठे धारित्र जोडले किंवा घरातील विजेचा प्रवाह थेट घेतला, तर खेळ तेथेच संपतो. यंत्र बंद केल्यावरही धारित्रातील वीज टपून बसलेली असते. तेव्हा जाणत्या शिक्षकाने शेजारी उभे राहावे, यंत्राला हात लावण्यापूर्वी साठलेली वीज रीतसर काढून टाकण्यास शिकवावे, आणि मग दिवा मालवून मुलाला त्याची ठिणगी पाहू द्यावी. गावोगावच्या शाळांतून प्रयोगशाळेचे कुलूप निघाले आणि गावातील कारागिराला तेथे मानाने बोलावले गेले, तर कॅलन यांचे स्मारक निराळे उभारावयास नको.