चारिका, जकातनाके आणि राजमुद्रा

गोरेगाव येथील विहारात वर्षावासाच्या दिवसांत विनयपिटकाच्या वाचनाचा एक लहानसा वर्ग चालतो. गेल्या वर्षावासात या वर्गातील एका तरुणाने श्रीलंकेस जाऊन पालीचे पुढील अध्ययन करण्याचे ठरविले. पारपत्र त्याच्यापाशी होते. व्हिसाचा अर्ज मात्र कागदपत्रे अपुरी असल्याच्या शेऱ्यासह परत आला. तेव्हा एका दलालाने त्यास मार्ग सुचविला : पर्यटक म्हणून जावे, एखाद्या विहारात उतरावे आणि मग निवांत शिकत राहावे, विचारतो कोण? वस्तुतः पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन तेथे नियमित अध्ययन करता येत नाही. त्यासाठी निवासी व्हिसा लागतो. हे मी त्यास सांगितले. त्यावर तो म्हणाला, "पण सर, ह्युएन त्संगसुद्धा परवानगी न घेताच निघाला होता ना?"

प्रश्न खोडसाळपणाचा नव्हता. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे जे ग्रंथ चाळले आणि जो विचार केला, त्याचे फलित म्हणजे प्रस्तुत लेख होय.

भिक्षू हा चारिका करणारा. कुल सोडले, गाव सोडले, मग राजाची सीमा त्यास का अडवील, असा आपला सर्वसाधारण समज असतो. विनयपिटक मात्र याविषयी कमालीचे व्यवहारी आहे. दुसऱ्या पाराजिकाच्या विभंगात जकातनाक्याचा, म्हणजे 'सुंकघाता'चा, स्वतंत्र विचार केला आहे. राजाने डोंगराच्या खिंडीत, नदीच्या उतारावर किंवा गावाच्या वेशीत असे नाके बसविलेले असते. पाच मासक वा त्याहून अधिक किमतीची जकातपात्र वस्तू चोरून नेण्याच्या हेतूने जो भिक्षू ते नाके ओलांडतो, त्याचे पहिले पाऊल पलीकडे पडले की थुल्लच्चय आपत्ती आणि दुसरे पाऊल पडले की पाराजिक. एका पावलाच्या अंतरावर भिक्षुत्व संपते! ज्यांनी नाणेघाट पाहिला आहे आणि तेथील दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविलेला ज्यांना आठवतो, त्यांना हे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल.

आमच्या तरुणाच्या प्रश्नाशी अधिक जवळचा आहे तो सहासष्टावा पाचित्तिय. त्याची निदानकथा अशी. राजगृहाहून पटियालोकाकडे जाणारा एक व्यापारी तांडा जकात चुकविण्याच्या बेतात होता. एका भिक्षूने बरोबर येऊ का म्हणून विचारले. तांड्यातील लोकांनी आपला बेत लपविला नाही. तरीही तो भिक्षू त्यांच्यासह निघाला. राजाच्या अधिकाऱ्यांनी तांडा अडविला, माल जप्त केला, आणि जाणूनबुजून चोरांच्या तांड्याबरोबर कसा आलास म्हणून त्या भिक्षूला पुष्कळ त्रास देऊन मग सोडून दिले. त्यावरून शिक्षापद प्रज्ञप्त झाले की ठाऊक असताना अशा तांड्याशी संकेत करून, एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंतही, एका मार्गाने जाऊ नये. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, त्या भिक्षूने स्वतः काहीच चोरले नव्हते. त्याच्या झोळीत जकातीची वस्तू नव्हती. तो केवळ बरोबर होता. आज दलालाच्या हाती कागद सोपवून 'मला काय, तो सर्व पाहतो' असे म्हणणाऱ्यांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. अर्थात ठाऊक नसल्यास किंवा आपत्प्रसंगी दोष नाही, हेही तेथेच सांगितले आहे.

राजमुद्रेची, म्हणजे खऱ्या अर्थाने प्रवासाच्या परवान्याची, तपशीलवार व्यवस्था कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी एक माषक घेऊन मुद्रा देई. ती असेल त्यासच जनपदात प्रवेश किंवा तेथून निर्गमन. मुद्रेवाचून सापडलेल्या जानपदास बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगल्यास त्यास प्रथम साहसदंड, पण तोच अपराध परदेशीयाने केल्यास उत्तम साहसदंड. परक्याकडे अधिक संशयाने पाहण्याची राज्यसंस्थेची सवय एवढी जुनी आहे.

आता ह्युएन त्संगाकडे वळू. हुइ-ली याने लिहिलेल्या चरित्रानुसार त्याने व त्याच्या सोबत्यांनी पश्चिमेस जाण्याची अनुज्ञा रीतसर मागितली होती. ती नाकारण्यात आली. सोबती थांबले, हा एकटा निघाला. सर्वसाधारणपणे हे वर्ष इ. स. ६२९ मानतात. ताओ-श्वान याचा वृत्तांत थोडा निराळा आहे : दुष्काळामुळे राजधानीतील लोकांना अन्नासाठी चहूकडे पांगण्याची मुभा मिळाली आणि त्या लोंढ्यात तो बाहेर पडला. दोन्ही वृत्तांत खरे असू शकतात. शहराच्या वेशीतून निघण्याची मुभा आणि साम्राज्याची सीमा ओलांडण्याची अनुज्ञा या निराळ्या गोष्टी होत. पुढे लिआंग-चौ येथील अधिकाऱ्याने त्यास परत फिरण्यास सांगितले. तो रात्रीचा प्रवास करू लागला. क्वा-चौ येथे त्याला पकडण्याचा हुकूम येऊन पोहोचला, तो तेथील श्रद्धाळू अधिकाऱ्याने त्याच्यादेखतच फाडून टाकला. सीमेवरील टेहळणी बुरुजांपाशी पाणी घेत असता त्याच्यावर बाण सुटले.

ही कथा आपण शौर्यकथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. काओ-चांगच्या राजाने त्यास पुढील वाटेवरच्या चोवीस राज्यांसाठी चोवीस पत्रे दिली, प्रत्येक पत्राबरोबर रेशमी वस्त्राचा एक तागा. आजच्या भाषेत ही हमीपत्रे होत. म्हणजे आपल्या देशातून विनापरवाना निघालेला हा भिक्षू पुढील प्रवासात राजपत्रांच्या आधारानेच चालला. आपल्या महाराष्ट्रात तो इ. स. ६४१ च्या सुमारास, दुसऱ्या पुलकेशीच्या काळी आला. परतीच्या वाटेवर काय झाले? चोवीस पत्रे देणारा तो राजा मृत्यू पावला होता आणि त्याचे राज्य ६४० मध्ये थांग साम्राज्याने जिंकून घेतले होते. खोतानला पोहोचल्यावर ह्युएन त्संगाने सम्राट थाय-त्सुंग यास पत्र लिहून अनुज्ञेवाचून गेल्याची कबुली दिली आणि स्वदेशी येण्याची परवानगी मागितली. ती मिळाल्यावरच तो पुढे निघाला. ६४५ मध्ये राजधानीत त्याचे मोठे स्वागत झाले. दलालाच्या युक्तीत या कबुलीपत्राला जागा नसते. तरीही मी असे म्हणणार नाही की ह्युएन त्संगाने प्रथम केले ते विनयाच्या दृष्टीने निर्दोष होते. त्याचे ऋण आपल्यावर एवढे मोठे आहे की त्याचा दोष काढताना जीभ अडखळते, इतकेच.

जपानी भिक्षू एन्निन याचा मार्ग याच्या नेमका उलट होता. तो इ. स. ८३८ मध्ये राजदूतमंडळासह चीनला गेला. थिएन-थाय पर्वतावर जाण्याची परवानगी त्यास नाकारण्यात आली. मंडळ परत निघाले, पण हा शान-तुंगच्या किनाऱ्यावरील एका कोरियन विहारात मागे राहिला. येथवर त्याचेही वागणे नियमाला धरून नव्हतेच. मात्र त्यानंतर त्याने लेखणी हाती घेतली. त्याची दैनंदिनी वाचताना अर्ज, स्मरणपत्रे, अधिकाऱ्यांच्या भेटी, एका कचेरीतून दुसरीकडे पाठविलेले कागद यांची दाटी पाहून वाचक थकून जातो. ८४० मध्ये प्रवासपत्र मिळाले. वू-थाय पर्वताचे दर्शन घेऊन तो राजधानीस पोहोचला. पुढे मायदेशी जाण्यासाठी ८४१ पासून आपण शंभराहून अधिक वेळा अर्ज केले, असे तो नोंदवितो. त्याच सुमारास बौद्ध संघाचा छळ सुरू झाला. ८४५ मध्ये अधिकृत प्रमाणपत्र नसलेल्या परदेशी भिक्षूंनी चीवर उतरवून आपापल्या देशी जावे, अशी आज्ञा निघाली. शंभर अर्जांनी जे साधले नाही ते असे छळाच्या आज्ञेने साधले! ८४७ मध्ये तो जपानला परतला. त्याच्या नंतर गेलेल्या एन्चिन या भिक्षूला ८५५ मध्ये मिळालेले मूळ प्रवासपरवाने ओन्जोजी विहारात आजही सुरक्षित आहेत. २०२३ साली एन्चिनशी निगडित कागदपत्रांचा युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत समावेश झाला. सूत्रग्रंथांच्या मोलाने परवाने जपणारा हा विहार मला फार आवडतो.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर ते धर्मानंद कोसंबी यांचे. १८७६ मध्ये पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात सांखवाळ येथे जन्मलेला हा मनुष्य १८९९ मध्ये ज्ञानासाठी घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करीत १९०२ च्या आरंभी नेपाळात पोहोचला. राणांच्या अमलात नेपाळचे दार सर्वांस उघडे नव्हते : शिवरात्रीच्या यात्रेत भारतीय यात्रेकरूंना मुभा असे, एरवी राहदानी लागे. बुद्धाच्या जन्मभूमीच्या देशात धम्माची अवस्था पाहून कोसंबी निराश झाले आणि बोधगया, कलकत्ता या मार्गाने श्रीलंकेस गेले. तेथे विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांजवळ त्यांनी पाली शिकली व सामणेर दीक्षा घेतली. आज आमच्या तरुणास ज्या देशाचा व्हिसा हवा आहे, तो हाच देश. कोसंबींना त्यासाठी व्हिसा लागला नाही. दोन्हीकडे राज्य इंग्रजांचेच होते. ब्रह्मदेश तर तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांतच होता आणि १९३७ पर्यंत राहिला. त्या काळी वाटेत आडवा येई तो प्लेग. मद्रास इलाख्यात प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यास 'प्लेग पासपोर्ट' देऊन काही दिवस तपासणीसाठी हजेरी लावावयास सांगत.

परंतु या सुलभतेचे गोडवे गाताना तिची किंमत विसरू नये. साम्राज्याच्या आत सीमा नव्हती, कारण आतील सर्वच देश पारतंत्र्यात होते. आमचे गोरेगाव तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. येथील मनुष्य समुद्रापार गेलाच असता तर 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' म्हणून गेला असता. आणि येथून, त्यातही दलित वस्तीतून, त्या काळी कोण जाणार होते?

१९१० मध्ये कोसंबी 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. तेव्हा अमेरिकेत उतरणाऱ्याची बंदरावर चौकशी व वैद्यकीय तपासणी होई, व्हिसा लागत नसे. पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. पारपत्र सक्तीचे झाले, आणि १९१७ च्या अमेरिकन कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांना स्थलांतरास बंदी केली. त्यातून अध्यापक, विद्यार्थी, धर्मोपदेशक, ग्रंथकार, व्यापारी यांना वगळले होते. मजुरास मात्र दार बंद. कोसंबी १९१८ मध्ये माणिक आणि दामोदर या आपल्या मुलांसह पुन्हा अमेरिकेस जाऊ शकले, ते या वगळलेल्या वर्गातले म्हणून. 'तू कोण?' या प्रश्नाऐवजी 'तू कोणत्या रकान्यातला?' हा प्रश्न सीमेवर विचारला जाऊ लागला तो तेव्हापासून. बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदांसाठी १९५० मध्ये श्रीलंकेस, १९५४ मध्ये ब्रह्मदेशास आणि १९५६ मध्ये नेपाळला गेले, तेव्हा हे सर्व देश परस्परांना परदेश झाले होते. त्यांत नेपाळपुरती भारतीयांस व्हिसाची अट आजही नाही. उलट कुशीनगरहून लुंबिनीस जाणाऱ्या थाई वा व्हिएतनामी यात्रेकरूपाशी भारतात एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर तो लुंबिनी पाहतो आणि श्रावस्तीला मुकतो.

राहुल सांकृत्यायन १९२९ मध्ये शिवरात्रीच्या यात्रेकरूंबरोबर काठमांडूस गेले आणि तेथून वेषांतर करून ल्हासाला पोहोचले, हेही आमच्या तरुणास ठाऊक आहे. पण ते तेव्हा भिक्षू नव्हते. उपसंपदा त्यांनी परतल्यावर १९३० मध्ये घेतली. पळवाट म्हणून हे सांगत नाही. सर्वांसाठी बंद असलेल्या दारातून लपून जाणे आणि अर्ज केल्यास उघडू शकणाऱ्या दाराला वळसा घालणे, यांत मला अंतर दिसते.

या तरुणाचा अर्ज अडला होता तो मुख्यत्वे बँकेतील शिल्लक आणि हमीदार या दोन रकान्यांवर. अर्ज पाहताना मला उपसंपदेच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या अंतरायिक प्रश्नांची आठवण झाली. तू ऋणमुक्त आहेस ना, राजसेवक नाहीस ना, मातापित्यांची अनुमती आहे ना, वीस वर्षे पूर्ण आहेत ना, पात्र-चीवर पूर्ण आहे ना, तुझे नाव काय, तुझ्या उपाध्यायाचे नाव काय. व्हिसाच्या अर्जातील बहुतेक रकाने येथे आहेत. फक्त शिल्लक रकमेचा नाही. तिच्या जागी पात्र आणि चीवर आहे. ज्यास सोने-रुपे स्वीकारणे निषिद्ध, त्यास शिल्लक विचारणे व्यर्थच. त्याची हमी म्हणजे त्याचा उपाध्याय. आपल्या पारपत्र नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये झालेल्या बदलानुसार संन्यस्त व्यक्तीला आईवडिलांच्या नावाऐवजी गुरूचे नाव देण्याची मुभा मिळाली. गुरूचे नाव असलेले एखादे सरकारी ओळखपत्र मात्र जोडावे लागते. त्या बदलामागे विनयाची प्रेरणा असेल असे नाही, पण उपाध्यायाचा रकाना अडीच हजार वर्षांनी परत आला खरा.

आमचा तरुण गृहस्थ आहे. त्याचे वडील शेतमजूर. चोवीस पत्रे देणारा राजा गोरेगावात नाही. विहारातील उपासकांनी एकत्र बसून खर्चाची हमी घेणारे पत्र तयार केले, निवृत्त शिक्षक असलेल्या एका उपासकाने आपले निवृत्तिवेतनाचे कागद जोडले, तेथील परिवेणाच्या प्रमुखांकडून प्रवेशाचे पत्र मागविले, आणि अध्ययनाचा हेतू स्पष्ट लिहून दुसरा अर्ज माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पाठविला. उत्तर अद्याप आलेले नाही. दरम्यान वर्गाचे वाचन सहासष्टाव्या पाचित्तियाच्या पुढे सरकले आहे, आणि तो नियमाने येतो.