रानडे आणि गोखले: चौदा वर्षांची उमेदवारी

१/ गुरुशिष्यांच्या कथांत गुरूची थोरवी पुष्कळ सांगितली जाते; शिष्य प्रत्यक्षात घडला कसा, हे क्वचितच कळते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बाबतीत मात्र ते बरेचसे कळते. हा धागा त्याविषयी.

२/ १८८७ च्या सुमारास दोघांचा सहवास सुरू झाला. रानडे पंचेचाळीस वर्षांचे न्यायाधीश, तर गोखले एकविशीतले शिक्षक. रानड्यांनी आरंभी उपदेश केला नाही, काम दिले. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन आणि सरकारला पाठवायच्या अर्जांचे मसुदे.

३/ काम कष्टाचे होते. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, मसुदा रानड्यांना दाखवायचा आणि सांगतील तसा पुन्हा लिहायचा. आकडेवारीत गणेश व्यंकटेश जोशी यांचेही साहाय्य मिळे.

४/ एवढ्या श्रमांच्या अर्जाला सरकारकडून दोन ओळींचे उत्तर येई. गोखले खिन्न झाले, तेव्हा रानड्यांनी समजावले की हे अर्ज नावापुरते सरकारला असतात. खरे तर ते आपल्या लोकांसाठी असतात. त्यांना या प्रश्नांचा विचार करण्याची सवय लागली पाहिजे. ही आठवण पुढे गोखल्यांनीच सांगितली.

५/ १८९३ मध्ये रानडे उच्च न्यायालयात मुंबईस गेले, तरी संबंध तुटला नाही. १८९७ मध्ये गोखल्यांनी लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली. उलटतपासणीत ते डगमगले नाहीत. दहा वर्षांची आकडेमोड कामी आली.

६/ त्याच प्रवासात संकट ओढवले. प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांनी पुण्यात स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आरोप त्यांनी पत्रांच्या आधारे तिकडे जाहीर केले. परतल्यावर पुरावा देता येईना. त्यांनी जाहीर माफी मागितली आणि चहूकडून टीका झाली.

७/ त्या वर्षअखेरीस अमरावतीच्या काँग्रेसहून गोखले परतले ते रानड्यांसोबत, आगगाडीच्या एकाच डब्यातून. पहाटे जाग आली तेव्हा रानडे टाळ्या वाजवत तुकोबांचे अभंग गात होते. प्रसंग साधा, पण ज्या वर्षी अनेकांनी पाठ फिरवली, त्या वर्षी गुरू शेजारी बसलेला होता.

८/ १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. मार्च १९०२ मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. मसुदा तपासायला रानडे उरले नव्हते, तरीही ते भाषण देशभर गाजले.

९/ १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. नव्या सदस्याने पाच वर्षे उमेदवारी करावी, असा नियम ठेवला. १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनाही त्यांनी सांगितले ते हेच: वर्षभर देश पाहा, मत नंतर द्या.

१०/ रानड्यांनी गोखल्यांना पद दिले नाही की वारसा दिला नाही. मसुदा पुन्हा लिहायला लावण्याची सवय दिली. ती पुढच्या पिढीला द्यायला गोखले विसरले नाहीत, आणि चौदा वर्षांचे ते नाते खऱ्या अर्थाने पुरे झाले ते तेव्हा.