सातखणीची बार्बारा

रेवदंड्याच्या कोटात नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चालत गेलं की मान वर करायला लावणारी एक वास्तू लागते, सातखणी मनोरा. चौकोनी, शिडशिडीत, शंभरेक फूट उंच. आतले मजले ढासळलेत, खिडक्यांची भोकं एकावर एक उरली आहेत. पायथ्याशी जुन्या तोफा पडलेल्या. येणारे बहुतेक जण याला टेहळणीचा बुरूज समजतात. वास्तविक हा फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चचा मनोरा, आणि ते चर्च होतं संत बार्बाराचं. तिचा सण 4 डिसेंबरला, नाताळच्या तीन आठवडे आधी येतो.

बार्बाराची कथा तिसऱ्या शतकाच्या सुमाराची, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची. कुणी तिचं गाव आजच्या तुर्कस्तानातलं निकोमीडिया सांगतं, कुणी लेबनॉनमधलं बालबेक. बाप डायोस्कोरस श्रीमंत आणि जुन्या देवांना मानणारा. देखण्या मुलीवर कुणाची नजर पडू नये म्हणून त्याने तिला मनोऱ्यात कोंडलं. तो परगावी गेला असताना तिने गवंड्यांना सांगून दोन खिडक्यांच्या जागी तीन करवून घेतल्या : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. बाप परतला, तिसरी खिडकी पाहून पोर ख्रिस्ती झाल्याचं समजला. पोरीने धर्म सोडावा म्हणून तिचे हाल झाले, ती बधली नाही. शेवटी बापानेच स्वतःच्या हाताने तिचं डोकं उडवलं, आणि घरी निघालेल्या त्याच्यावर वाटेत वीज कोसळली.

या सणाचं कूळ त्या विजेत आहे. आधी लोक गडगडाटात बार्बाराचा धावा करत. युरोपात बंदुकीची दारू आली तशी माणसाने हाताने घडवलेली वीजही तिच्याच पदरात गेली. सुरुवातीच्या तोफा शत्रूइतक्याच आपल्या गोलंदाजालाही मारत. नळी फुटायची, एका ठिणगीने दारूची कोठी उडायची. कॅथलिक माणसाला मरणाहून मोठी भीती होती ती पापांची कबुली न देता, शेवटचा ख्रिस्तप्रसाद न घेता मरण्याची. तसं मरण येऊ न देणारी ती बार्बारा. म्हणून तिच्या चित्रात तीन खिडक्यांच्या मनोऱ्यासोबत पुष्कळदा प्याला आणि ख्रिस्तप्रसादाची भाकर दिसते. पोर्तुगीज जहाजांवर दारूच्या कोठीलाच सांता बार्बारा म्हणत. सुरुंग लावणारे खाणकामगारही तिचेच. पोलंडमध्ये 4 डिसेंबर हा आजही खाणकामगारांचा दिवस आहे.

आता रेवदंडा-चौलचा इतिहास पाहा, तो तोफांनीच लिहिलेला आहे. 1508 साली इथल्याच खाडीच्या तोंडाशी इजिप्तचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी पोर्तुगिजांना गाठलं. व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचं जहाज मासेमारीच्या खुंटांत अडकलं. तोफगोळ्याने तो जायबंदी झाला, तरी डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला, आणि दुसऱ्या गोळ्याने गेला. 1521 नंतर किल्ला उठला. 1570 च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने वेढा घातला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तटावर गोळे आदळत होते. अशा गावात गोलंदाजांच्या राखणदारणीचं चर्च असावं याचं मला जराही नवल वाटत नाही. कोटातल्या शिपायाला 4 डिसेंबरचा दिवस किती जवळचा असेल, हे पायथ्याच्या तोफांवर हात ठेवला की कळतं.

दारूगोळ्याशी काहीच संबंध नसलेली या सणाची दुसरी शाखाही आहे, आणि मला ती जास्त आवडते. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनमध्ये या दिवशी गहू शिजवून त्यात साखर, बडीशेप, दालचिनी, मनुका, डाळिंबाचे दाणे घालतात. त्या पदार्थाचं नाव बुर्बारा. बार्बारा पळत असताना पेरलेलं शेत क्षणात वर आलं आणि त्याने तिच्या पावलांचे ठसे झाकले, असं तिथल्या आया मुलांना सांगतात. दक्षिण फ्रान्समध्ये 4 डिसेंबरला तीन बश्यांत गहू भिजत घालतात, आपल्या नवरात्रातल्या घटासारखे. तीन आठवड्यांत हिरवेगार कोंब येतात आणि नाताळला ते येशूच्या गव्हाणीजवळ मांडतात. कोंब सरळ आणि दाट आले तर वर्ष भरभराटीचं.

1969 साली रोमने सर्व चर्चसाठीच्या सामाईक पंचांगातून तिचा सण काढला, कारण तिच्या हयातीचा भरवशाचा पुरावा नव्हता. संतांच्या यादीत नाव ठेवलं. कित्येक देशांच्या तोफखान्यांनी मात्र तिचा दिवस सोडला नाही. रेवदंड्यातून तर तो फार आधीच गेला. 1740 साली किल्ला मराठ्यांच्या हाती आला, पोर्तुगीज कुटुंबं निघून गेली. खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्ती टिकली, पोर्तुगिजीतून घडलेली त्यांची बोलीही टिकली. त्यांचं चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं. बार्बाराचं नाव सांगणारं कोटात कुणी उरलं नाही आणि तिचा मनोरा मजले मोजून ओळखला जाऊ लागला.

सातखणी हे नाव चांगलंच आहे, ते राहावं. पण शाळेच्या सहली डिसेंबरातच येतात. मनोरा दाखवताना शिक्षकांनी तीन खिडक्यांची गोष्टही सांगावी. मनोऱ्यात कोंडलेल्या मुलीची गोष्ट मुलं कान देऊन ऐकतील.